निकाल विरोधात गेल्यावर आशा कशी टिकवायची

एमपीएससीचा तिसरा निकाल लागला तेव्हा मी सोलापुरात सात रस्ता चौकात चहाच्या गाड्यावर उभा होतो, मोबाईलवर पीडीएफ उघडली, नंबर शोधला, नाही, परत शोधला, तरी नाही, चहा तसाच ठेवून निघालो. घरी तोंड दाखवायची इच्छा नव्हती म्हणून दुसऱ्या दिवशी मोहोळकडं मामाच्या शेतात गेलो. मला जे काय कळलं ते तिथं कळलं, म्हणून तिथूनच सांगतो.

आपल्या सोलापूरची रब्बी ज्वारी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात, त्यानंतर पाऊस येईलच असं काही नाही, काळ्या रानात जेवढी ओल मुरलीय तेवढ्यावरच कणीस भरायचं असतं. पण काळं रान वाळायला लागलं की भेगाळतं आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. म्हणून पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपायचं, म्हणजे ओळींमधली माती वरच्यावर हलवायची, वरची माती भुसभुशीत झाली, भेगा बुजल्या की ओल आत टिकते. मामानं माझ्या हातात सायकल कोळपं दिलं, हातानं ढकलायचं, चाकाचं. म्हणाला, "पाऊस आपल्या हातात न्हाई रे, भेग बुजवायचं तेवढं हाय. एक कोळपणी म्हंजे अर्धं पाणी."

संध्याकाळपर्यंत हाताला फोड आले होते, पण मागं वळून बघितलं तर पिकाच्या सहा ओळी कोळपून झाल्या होत्या, त्या दिसत होत्या. कित्येक दिवसांनी माझ्या हातून काहीतरी पूर्ण झालं होतं.

तर तुमचाही निकाल, नोकरी, लग्न, धंदा, जे काय मोडलं असेल त्यानंतरचे आठ दिवस कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका. पुस्तकं रद्दीत घालू नका, राजीनामा देऊ नका, कुणाला कायमचं तोडणारे मेसेज टाकू नका. रडायचं असेल तर रडा, त्यात कमीपणा नाही.

मग एक कागद घ्या आणि तुमची ओल, म्हणजे आतलं बळ, कुठून जाते ते लिहा. हे मनातल्या मनात नको, लिहाच. माझ्या कागदावर तीन भेगा होत्या: रात्री दोनपर्यंत सिलेक्ट झालेल्या पोरांचे स्टेटस बघत बसणं, न झोपणं, आणि वडिलांशी बोलणं टाळणं. पहिल्या दोन्हींवर उपाय एकच निघाला, फोन रात्री दहाला स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा आणि सकाळी सहाला उठून कंबर तलावाला चक्कर मारायची. तिसरीला महिना लागला. खरं सांगायचं तर तीच सगळ्यात मोठी होती, ज्या दिवशी "बाबा, मला भीती वाटतीय" एवढं एक वाक्य बोललो त्या दिवशी छातीवरचं ओझं निम्मं झालं. सगळ्यांना सांगायची गरज नाही हो, एकच माणूस निवडा, पण त्याच्यापाशी खोटं बोलू नका.

रोज एक काम असं ठेवा जे त्याच दिवशी संपेल. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा कारखान्यातला सुताच्या कांड्या भरायचा रोजगार गेला, तेव्हा त्यांनी दिवसाला वीस कडक भाकरी करून विकायला सुरुवात केली. पैसे फार नाही मिळाले, पण त्या म्हणायच्या, रात्री झोपताना आजचं आज झालं असं वाटतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलतो, आशा आणि हट्ट यात घोळ करू नका. किती अटेम्प्ट, किती पैसे, कुठल्या तारखेपर्यंत, हे डोकं शांत असताना ठरवून घरच्यांना सांगून ठेवा. मी चौथा अटेम्प्ट दिला, तोही हुकला, पण तोपर्यंत सोबत अकाउंटचं काम शिकून घेतलं होतं, आज त्यावर घर चालतं आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

आणि दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं असेल तर कोळपणीनं भागणार नाही, डॉक्टरकडं जा, सिव्हिललाही मानसोपचाराचे डॉक्टर असतात. जीव नकोसा वाटला तर आठवडे मोजत बसू नका, लगेच जवळच्या माणसाला उठवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या १४४१६ नंबरला फोन लावा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा, रात्री अपरात्री शोधत बसायला नको.