घमेलं तेच, चारा कमी

गोठा सुरू केला तेव्हा माझ्याकडे चार संकरित गायी होत्या आणि मापाला एक घमेलं. आमचं रान चोपड्याकडचं, केळी-कापसाचं. दर गायीला रोज २० किलो मक्याचा मुरघास, म्हणजे खड्ड्यात दाबून मुरवलेला हिरवा चारा, वर दादर ज्वारीच्या कडब्याची कुट्टी आणि सरकी ढेप. उन्हाळाभर गाडी नीट चालली. जुलैत झड लागली आणि आठ दिवसांत गायीमागे लिटरभर दूध आटलं, फॅटही घसरली. मी ढेपवाल्याशी भांडून आलो.

त्याची चूक नव्हतीच. मुरघासाच्या खड्ड्यावरची ताडपत्री फाटली होती. शेजारच्या आबांनी गव्हाणीत हात घातला नि म्हणाले, "भाऊ, तुनी गाय पानी खाई राहिनी."

आता हिशेब बघा. मुरघासात कोरडा भाग, म्हणजे पाणी वगळून उरणारा चारा, ३५ टक्के असेल तर २० किलोत ७ किलो मिळतो. पाणी मुरून तो २५ टक्क्यांवर आला की त्याच २० किलोत ५ किलोच. ७ किलो पोटात जायला २८ किलो घालावा लागतो. ४०० किलोच्या दुभत्या गायीला दिवसाला साधारण १२ ते १४ किलो कोरडा भाग लागतो. त्यातले दोन किलो असे गुपचूप गेले. काट्यालाही कळत नाही, वजन तर तेवढंच भरतं! ढेप मात्र तेवढीच राहते, चाऱ्याचा वाटा घटतो, म्हणून फॅट पडते.

खड्ड्यातून पाच-सहा ठिकाणचा मुरघास घेऊन मिसळा, त्यातला १०० ग्रॅम मायक्रोवेव्हमध्ये ठेवा, शेजारी कपभर पाणी, नाहीतर चारा पेट घेतो. दोन-तीन मिनिटांनी हलवा, वजन करा. मग अर्धा-अर्धा मिनिट, वजन घटायचं थांबेपर्यंत. ३२ ग्रॅम उरला तर कोरडा भाग ३२ टक्के. घरातलं मायक्रोवेव्ह वापरू नका. त्या आंबूस वासापायी दोन दिवस माझ्याशी घरात कुणी धड बोललं नाही.

घाईत मूठ पुरते. मुरघास मुठीत घेऊन अर्धा मिनिट आवळा. बोटांतून पाणी गळलं तर मुरघास फार ओला, गोळा हळूहळू सुटला तर ठीक.

केळीचे खांब आपल्याकडे फुकट मिळतात, पण त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. पोट फुगलेलं दिसतं, दुधाची चरवी भरत नाही. ओल लागून बुरशी धरलेली ढेप तर सरळ उकिरड्यावर टाका, तिचं विष दुधात उतरतं.

उन्हाळ्यात उलटं. कुट्टी इतकी वाळते की गायी ढेप निवडून खातात नि काड्या ठेवतात. थोडं पाणी शिंपडून कालवलं की निवड थांबते. फक्त संध्याकाळचं सकाळी कालवून ठेवू नका. आपल्या उन्हात दुपारपर्यंत ते तापून आंबतं.