घरात कुत्रं-मांजर आहे, मग नाताळची तयारी अशी करा

पहिलं काम चिठ्ठ्यांचं. नाताळच्या आधी चार रविवार आगमनकाळाचे, त्यातल्या पहिल्या रविवारी चर्चहून आलं की सगळ्यांची नावं वाटीत टाकायची, ज्याची चिठ्ठी येईल त्याला गिफ्ट, तीनशेच्या वर जायचं नाही, आणि आमच्यात मोत्या कुत्रा आणि मनी मांजर यांची नावं पण वाटीत असतात, बारक्या पोरांना तर तीच चिठ्ठी पाहिजे असते. गोव्याची मंडळी चोर्ला घाटानं येणार असतील तर त्यांची चिठ्ठी फोनवर काढा. बेळगावच्या खडेबाजारातली खरेदी पंधरा तारखेच्या आत उरका, नंतर तिथं पाय ठेवायला जागा नसते.

आता कुसवार, म्हणजे नाताळचा फराळ, आणि इथं जरा नीट लक्ष द्या. केकसाठी मनुका रममध्ये भिजत घातल्या की ती बरणी कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊ दे, कारण मनुका, बेदाणे, द्राक्षं कुत्र्याच्या किडनीवर जातात आणि किती खाल्ल्यावर बाधेल ह्याचा काही हिशेब नाही, एखाद्या कुत्र्याला चार दाण्यांनी पण होऊ शकतं. म्हणजे केक नाही, मनुका घातलेल्या नेवऱ्या (करंज्या) नाहीत, पाहुण्यांनी गोकाकहून करदंट, म्हणजे सुक्या मेव्याची मिठाई, आणला तर तो पण नाही. चॉकलेट तर अजिबात नको, डार्क असेल तितकं जास्त वाईट. शुगर-फ्री गोळ्या-च्युइंगममध्ये बऱ्याचदा साखरेऐवजी झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विषच. मटण-चिकनच्या रश्श्यात कांदा-लसूण असतो, तो पण चालत नाही, आणि शिजलेलं हाड फुटून त्याच्या टोकदार चिपा होतात, त्या घशात नाहीतर आतड्यात रुततात. कुत्र्याचा पण सण आहे की, म्हणून मसाला लावायच्या आधीच चार तुकडे बिनहाडाचे, बिनमिठाचे उकडून बाजूला काढा. चुकून काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका, काय खाल्लं, किती आणि कधी ते लिहून घ्या आणि सरळ डॉक्टरांना फोन लावा.

शेजारी ताटं द्यायला जाल तेव्हा पण हे सांगायचं. दिवाळीला त्यांच्याकडनं फराळ आलेला असतोय, आपण नाताळला कुसवारचं ताट रुमालानं झाकून देतोय, आणि त्यांच्याही दारात कुत्रं असतंयच. नुसतं म्हणायचं, वहिनी, ह्यात मनुका आहेत, टॉमीला देऊ नका.

सुरूची फांदी वाळूच्या बादलीत रोवली की वरून खिडकीच्या गजाला दोरीनं बांधा, मांजर चढणारच. लायटिंगच्या वायरी भिंतीला चिकटवा. चमकी आणि रिबन मात्र मांजराच्या घरात नकोच, त्याच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात, दोरा एकदा तोंडात गेला की आतच ओढला जातो आणि आतडं गोळा होतं. तोंडातनं किंवा मागनं टोक लोंबताना दिसलं तरी ओढायचं नाही, तसंच दवाखान्यात न्यायचं. मनी गव्हाणीतल्या पेंढ्यात बाळ येशूच्या शेजारी जाऊन झोपते, तिला उठवत बसण्यापेक्षा एका खोक्यात थोडा पेंढा घालून जवळच ठेवा, ती तिकडं जाते.

गिफ्टा बांधताना खाण्याची पाकिटं झाडाखाली ठेवू नका, कागदातनं पण वास जातोय. मोत्याचं गिफ्ट आम्ही तरुण भारतच्या रद्दीत सैल गुंडाळतो, टेप नाही, दोरा नाही, कारण त्याला आतल्या चघळायच्या दोरखंडापेक्षा कागद फाडण्यातच मजा येते, पाय ठेवून टर्रकन फाडतो आणि घरभर तुकडे. पोरांना ते बघायचं असतंय म्हणून त्याची पाळी पहिली.

आणि कुणाला सरप्राईज म्हणून पिल्लू देऊ नका, अगदी हात जोडून सांगतो. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडायचं नसतं, लस, जागा, रोजचं फिरवणं हे सगळं घेणाऱ्या घरानं आधी ठरवायला पाहिजे. मुधोळ कुत्रं म्हणजे पळणारी जात, टू बीएचकेत कोंडून कसं चालेल?

पंचवीसला सुट्टी असते, म्हणून डॉक्टर कुठे भेटतील ते वीस तारखेलाच विचारून ठेवा, खानापूरकडच्या खेड्यात असाल तर गाडीची सोय पण बघून ठेवा. फटाक्यांना घाबरणाऱ्यांसाठी गोळी पण तेव्हाच विचारा, आपली झोपेची गोळी देऊ नका. चोवीसला अंधार पडायच्या आत फिरवून आणा, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जाताना आतली खोली, पडदे बंद, पंखा चालू, पाणी, आणि तुमची वापरलेली चादर. कॅरलवाले कधी येणार ते विचारून घ्या, फाटकाला आतनं कडी घाला आणि पट्ट्यावर फोन नंबर लिहा. एकतीसला कॅम्पात ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळतात तेव्हा आवाज नाताळपेक्षा जास्त असतोय, म्हणून ती खोली तशीच राहू द्या आणि एक तारखेला सकाळी पट्टा लावूनच बाहेर काढा, रस्त्यावर न फुटलेले फटाके पडलेले असतात.