एकाला अडवायचंच नाही

दहा-अकरा वर्षांच्या पोरांना अमेरिकन फुटबॉलमधला ऑप्शन, म्हणजे बॉल स्वतः न्यायचा की सोबत्याकडे टाकायचा हे धावता धावता ठरवायचा डाव, शिकवायला घेतला की पहिली अडचण डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅककडून येत नाही, पुढच्या फळीत अडवणाऱ्या टॅकलकडून येते. समोरच्या संघाच्या फळीत कडेला उभ्या असलेल्या एंडला हात लावायचा नाही, त्याच्या आतल्या बाजूनं सुटून थेट त्या फळीमागच्या लाइनबॅकरवर जायचं, हे त्याच्या गळी उतरत नाही. दोन महिने ‘समोरच्याला हलू देऊ नकोस’ म्हणून आपणच घसा कोरडा केलेला असतो. आमच्या टॅकलनं विचारलंच, “कोच, मग त्याला कोण धरणार?” कोणीच नाही. त्याला क्वार्टरबॅक चकवणार. तो एक जण सोडल्यामुळे आपला एक गडी मोकळा राहतो, आणि अंगानं किरकोळ असलेल्या संघाला तेवढा एक गडी फार मोठा असतो. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स या अमेरिकी सैनिकी अकादमींचे संघ वर्षानुवर्षं याच हिशेबावर खेळत आलेत.

मी मूळचा सांगलीचा, शाळेत खो-खो खेळलेला. अमेरिकेत डॅलसजवळच्या गावात मुलाच्या संघाला मदत करतो, पाचवा सीझन आहे. इथे ऑप्शनचं नाव काढलं की कडेला घडीच्या खुर्चीत बसलेले आजोबा लगेच विशबोन या जुन्या ऑप्शन-रचनेवर घसरतात: 1968 साली ऑस्टिनला एमरी बेलार्ड या कोचनी ती रचना आणली, त्याच सीझनपासून टेक्सास विद्यापीठाच्या संघानं ओळीनं 30 सामने जिंकले, वगैरे. ऐकून घ्या, पण पोरांना त्यातला ट्रिपल ऑप्शन देऊ नका. त्यात क्वार्टरबॅकला एकामागून एक दोन माणसं जोखावी लागतात. या वयाला एकच पुरे, म्हणून स्पीड ऑप्शन.

स्नॅप, म्हणजे फळीतल्या मधल्या गड्यानं मागे दिलेला बॉल, मिळाला की क्वार्टरबॅकनं दोन्ही हातांत बॉल छातीशी धरून तिरकं, एंडच्या आतल्या खांद्यावर धावायचं. रनिंग बॅक, म्हणजे ज्याच्याकडे बॉल टाकायचा तो सोबती, त्याच्या बाहेरच्या बाजूला चार यार्डांवर आणि एक यार्ड मागे. हे अंतर तोंडानं सांगून कळत नाही. मी कपडे वाळत घालायची दोरी चार यार्डांवर कापली आणि दोघांच्या कंबरेच्या पट्ट्यात टोकं नुसती खोचली. बांधायची अजिबात नाही, एकजण पडला तर दुसराही ओढला जातो. दोरी ढिली पडली म्हणजे बॅक जवळ आला, निसटली म्हणजे लांब गेला. एंड दोघांना एकदम गाठू शकला, तर ऑप्शन कसला? पहिले दोन दिवस हे सगळं चालत, धावायचं नाही.

आता निर्णय. इथे मी एक आख्खा सीझन वाया घालवला. मी सांगायचो, “एंड काय करतो ते बघ आणि मग ठरव.” सामन्यात पोरगं खरंच थांबलं, बघत उभं राहिलं, आणि एंडनं त्याला आडवं केलं. चूक माझी. दहा वर्षांच्या मुलाला दोन पर्याय समोर ठेवून निवडायला सांगायचं नसतं. आता वाक्य बदललंय: “बॉल तुझाच आहे, घेऊन पळ. त्याची छाती तुझ्याकडे वळून तो अंगावर आला, तरच सोड.” एंड बॅककडे सरकला तर हा आपसूक त्याच्या आतून वर घुसतो. एंड नुसताच घुटमळत राहिला तरीही तेच. सरावात एंड मी स्वतः होतो, हातात पॅड घेऊन, आणि आधी हुल देत नाही. दहापैकी आठ वेळा बरोबर यायला लागलं की मग थोडी हुल.

पिच, म्हणजे बॅककडे बॉल टाकणं, एका हाताची. छातीपासून ढकलायची, शेवटी अंगठा खाली वळतो, पाऊल बॅकच्या दिशेनं पडतं. खालून भिरकावलेला बॉल डोक्यावरून जातो. वेळ खो देण्यासारखी: घाईनं सोडला तर एंडला बॅकवर वळायला सवड मिळते, उशिरा सोडला तर हात धरलेला असतो. सोडल्यावर अंग सैल ठेवून मागे व्हायला शिकवा, कारण धक्का बसणारच आहे. बॅकनं मात्र क्वार्टरबॅक वर वळला तरी सोबत सोडायची नाही, पुढे सहा यार्डांवरही पिच येऊ शकते.

आणि रोज शेवटची पाच मिनिटं सांडलेल्या बॉलसाठी ठेवा. मागे टाकलेली पिच हातातून निसटली तर ती खाली पडूनही जिवंतच असते, उचलेल त्याची. पुढे फेकलेला पास पडला की खेळ थांबतो, म्हणून आमची पोरं पहिल्या दिवशी पासच पडला समजून कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि समोरचा एंड बॉल घेऊन टचडाउनला निघाला होता. आता मी मुद्दाम वाईट पिच टाकतो आणि ओरडतो, “बॉल!” टॅकलसुद्धा पळत येऊन त्यावर पालथा पडतो.