मुरमाड जागेत कोरांटी कशी लावावी

नागपुरात नवीन लेआउटवर घर बांधलं की अंगणात उरतो निस्ता मुरूम आणि गिट्टी, आणि मग लोकं नर्सरीतून गुलाब आणतात, तो मे महिन्यात वाळतो. त्यापेक्षा पिवळी काटेकोरांटी लावा, आपल्याच मातीतलं झाड आहे, बकऱ्या सहसा तोंड लावत नाहीत आणि देवाला फुलं होतात.

आधी जागा. ऊन भरपूर पाहिजे. सब्बल घेऊन फूटभर खड्डा करा आणि त्यात बादलीभर पाणी ओता, दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलंच असेल तर ती जागा सोडा. भरताना निघालेलाच मुरूम, थोडी माती आणि दोन ओंजळी कुजलेलं शेणखत, बस. बाहेरून काळी माती आणून खड्डा भरायचा मोह होतो पण ती पाणी धरून ठेवते, मुळं सडतात.

कलम जून-जुलैत, पाऊस बसला की. कोणाच्याही कुंपणातून मागून आणा, पेन्सिलीएवढी जाड, पाच-सहा इंचाची काडी, खालची पानं काढून दोन पेरं मातीत जातील अशी खोचायची. कुंपण करायचं असेल तर दोन-दोन फुटांवर. बियांपासूनही येते, पण बोंड पिकलं की फटकन उकलून बी उडून जातं, म्हणून ते तपकिरी व्हायला लागलं की लगेच तोडून कागदाच्या पुडीत ठेवा.

खरी परीक्षा पहिल्या उन्हाळ्याची. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, बुडाशी पाणी द्या, आणि कूलरच्या टाकीतलं तळाचं पाणी अजिबात नको, त्यात क्षार साचलेले असतात. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पानं गळून नुसत्या काड्या उरल्या तर घाबरून उपटू नका हो! काडी नखानं जरा खरवडून बघा, साल निघून आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, पावसात फुटतंच. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पाणी पुरे, जास्त लाड केले तर पाला वाढतो आणि फुलं कमी.

पावसाळा सरताना फुलायला लागते, हिवाळाभर चालते. बहर संपला की फेब्रुवारीत वरचा एक तृतीयांश भाग छाटा. पण जाड हातमोजे घालून, कारण पानांच्या बगलेत तीन-चार सुईसारखे काटे असतात आणि ते कापडी मोज्यातून सरळ आत जातात. छाटलेल्या काड्या वाटेवर टाकू नका, चप्पल फाडून पायात घुसतात.