फ्रिट्स स्टाल वाचायला कुठून सुरुवात करावी

संस्कृत किंवा तत्त्वज्ञानाचे नवे विद्यार्थी संस्कृत व्याकरण आणि वैदिक यज्ञांचे अभ्यासक फ्रिट्स स्टाल यांच्याकडे बहुधा 'कर्मकांडाला अर्थ नसतो' हे त्यांचं मत ऐकून येतात, चिडतात आणि तिथेच थांबतात. ते मत मांडणारा १९७९ चा निबंध शेवटी वाचा. आधी व्याकरण.

स्टाल १९३० साली ॲम्स्टरडॅममध्ये जन्मले. तिथे तर्कशास्त्रज्ञ एव्हर्ट बेथ यांच्या हाताखाली तयार झाले, मग मद्रासला येऊन डॉक्टरेट केली. पुढे ॲम्स्टरडॅममध्ये आणि १९६८ पासून बर्कलीत प्राध्यापक. तर्कशास्त्राची ही बैठक लक्षात ठेवली की पुढचं सोपं जातं.

पहिला सराव पाणिनीच्या 'इको यणचि' (६.१.७७) या सूत्रावर करा: पुढे स्वर आला की इ, उ, ऋ, ऌ यांच्या जागी य, व, र, ल येतात. षष्ठी म्हणजे ज्याच्या जागी बदल होतो ते, प्रथमा म्हणजे येणारा आदेश, सप्तमी म्हणजे पुढे काय असायला हवं ते. म्हणून दधि + अत्र = दध्यत्र. स्टाल यांनी १९६५ मध्ये दाखवलं, की आधुनिक भाषाशास्त्रातले संदर्भबद्ध नियम (म्हणजे आजूबाजूला काय आहे त्यावर अवलंबून लागणारे) पाणिनी विभक्तींतून मांडतो. आता दधि + इन्द्र घ्या. वरचाच नियम लावला तर 'दध्यिन्द्र' असं चुकीचं रूप येतं, तिथे 'अकः सवर्णे दीर्घः' (६.१.१०१; सारखे स्वर एकत्र आले की दीर्घ होतो) हे सूत्र आड येतं आणि 'दधीन्द्र' होतं. एकेक सूत्र सुटं पाठ करणाऱ्यांची गाडी नेमकी इथे अडते.

हीच नजर यज्ञाकडे वळवा. दर्शपूर्णमास (अमावास्या-पौर्णिमेचा यज्ञ) ही इष्टींची, म्हणजे छोट्या यज्ञांची, प्रकृती, म्हणजे मूळ साचा. सोमयागातल्या (सोमरस अर्पण करण्याच्या मोठ्या यज्ञातल्या) दीक्षणीया, प्रायणीया, आतिथ्या या इष्टी तिच्याच साच्यातल्या, मोठ्या विधीच्या पोटात बसवलेल्या. वहीत त्यांचा वृक्ष काढा, वाक्याचा काढतात तसा. स्टाल यांचं म्हणणं एवढंच, की ही रचना नियमांनी चालते आणि ती समजायला प्रतीकांची गरज पडत नाही. मीमांसा (वेदातल्या विधिवाक्यांचा अर्थ लावण्याचं शास्त्र) शिकलेल्याला यातलं निम्मं ओळखीचं वाटेल.

मग 'अग्नि' (१९८३) हा दोन खंडांचा ग्रंथ. केरळातल्या पांजाळला एप्रिल १९७५ मध्ये नंबुदिरी ब्राह्मणांनी केलेल्या बारा दिवसांच्या अग्निचयनाची (विटांची वेदी रचून करायच्या यज्ञाची) ही नोंद आहे. पहिल्या खंडात दिवसागणिक वर्णन येतं. पक्ष्याच्या आकाराच्या चितीचे, म्हणजे विटांच्या वेदीचे, पाच थर असतात. विषम थरांची मांडणी एक, सम थरांची दुसरी, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. हे कागदावर काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही. दुसऱ्या खंडात अलीकडच्या श्रौत (वैदिक यज्ञांच्या) परंपरांचा आढावा आहे, त्याच्या लेखकांत पुण्याचे चिं. ग. काशीकर आहेत. मराठी वाचकाने तो चुकवू नये.

याच विधीवरची 'अल्टर ऑफ फायर' ही फिल्म तासाभराच्या आत संपते, त्यामुळे फक्त तिच्यावर विसंबू नका. पांजाळचा विधी जसाच्या तसा प्राचीन आहे, असंही धरू नका: त्यामागे अभ्यासकांचा पुढाकार होता आणि वाद झाल्यावर बळी द्यायच्या बोकडांऐवजी केळीच्या पानात गुंडाळलेलं तांदळाचं पीठ वापरलं गेलं.

आता १९७९ चा निबंध घ्या, आणि शेजारी शतपथ ब्राह्मण हा यज्ञविधी समजावणारा वैदिक ग्रंथ उघडा ठेवा. तिथे पानोपानी विधींचे अर्थ सांगितलेले आहेत. स्टाल त्यांना मागाहून चिकटवलेले मानतात. त्यांचा युक्तिवाद सगळ्यात कच्चा वाटतो तो इथेच.