डोंगर हलवणारा म्हातारा: 'यू गुंग यी शान' ही म्हण कशी समजून घ्यावी

चिकाटीवरच्या चिनी म्हणींपैकी 'यू गुंग यी शान' ही शिकायची असेल, तर आधी तिची चार अक्षरे सुटी करावीत. 'यू' म्हणजे मूर्ख, 'गुंग' म्हणजे वयोवृद्ध पुरुषाला लावायचा आदराचा शब्द, 'यी' म्हणजे हलवणे आणि 'शान' म्हणजे डोंगर. पहिले व तिसरे अक्षर चढत्या सुरात, तर दुसरे व चौथे उंच, सपाट सुरात उच्चारावे.

त्यानंतर मूळ गोष्ट वाचावी. ती 'लिएत्झू' या ताओवादी ग्रंथाच्या पाचव्या प्रकरणात आहे. थायहांग आणि वांगवू हे पर्वत घरासमोरची वाट अडवतात, म्हणून नव्वदीला टेकलेला यू गुंग ते खणून काढायचे ठरवतो. माती-दगड टाकणार कुठे, असा रोकडा प्रश्न बायको विचारते, तेव्हा बोहाय समुद्राचा काठ ठरतो. मुला-नातवंडांतले तिघे भार वाहू लागतात. शेजारच्या विधवेचा, दुधाचे दात नुकते पडू लागलेला पोरगाही उड्या मारत मदतीला येतो, आणि समुद्रापर्यंतची एक खेप पुरी होईस्तोवर ऋतू पालटलेला असतो. 'शहाणा म्हातारा' असेच ज्याचे नाव आहे, तो गृहस्थ हे पाहून हसतो. त्यावर यू गुंग सांगतो की आपण मेल्यावर मुलगा आहे, मुलामागे नातू येईल, वंश चालतच राहील, पण डोंगर काही वाढणार नाही. शेवटी स्वर्गाधिपती प्रसन्न होऊन पर्वत उचलवतो.

या दैवी शेवटापेक्षा 'डोंगर वाढणार नाही' हे वाक्य लक्षात ठेवावे, असे मला मनापासून वाटते, कारण काम प्रचंड असले तरी त्याला अंत आहे, हा हिशेब त्यात आहे. म्हणूनच 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' हा तिचा मराठी पर्याय म्हणून देऊ नये. तिथे मुळातच अशक्य गोष्ट कल्पिली आहे.

म्हण वापरताना ती एका परीक्षेच्या जागरणासाठी खर्ची घालू नये. अनेक हातांनी, पिढ्यान्‌पिढ्या करायच्या कामाला ती शोभते. माओ झेडाँग यांनी ११ जून १९४५ च्या भाषणात साम्राज्यवाद आणि सरंजामशाही या दोन 'डोंगरां'साठी ती योजली. चित्रकार श्यू बेहोंग यांनी त्याआधी, १९४० मध्ये, भारतातील मुक्कामात हा प्रसंग रंगवला, तेव्हा खणणाऱ्यांच्या आकृतींसाठी त्यांच्यासमोर भारतीय माणसे उभी राहिली होती.