दिलेली संख्या बहुपदीचे शून्य आहे का, हे कसे तपासावे

चलाच्या जागी एखादी संख्या ठेवल्यावर बहुपदीची किंमत ० येत असेल, तर ती संख्या त्या बहुपदीचे शून्य असते. व्याख्या एवढीच आहे. तरीही दादरला संध्याकाळी शिकवणी घेताना मी नेहमी पाहतो की, मुले अडतात ती व्याख्येपाशी नव्हे, चिन्हांपाशी.

क्ष³ − ७क्ष + ६ या बहुपदीसाठी −३ ही संख्या तपासू. किंमत ठेवताना प्रत्येक ठिकाणी कंस घालावा, म्हणजेच (−३)³ − ७(−३) + ६ असे लिहावे. पहिले पद −२७ आणि दुसरे +२१ होते, त्यांत ६ मिळवल्यावर ० उरते. म्हणून −३ हे शून्य आहे. कंस गाळणाऱ्याच्या वहीत दुसरे पद हटकून −२१ होते आणि उत्तर −४२ येते.

संख्या मोठी असेल, तर घात काढत बसण्यापेक्षा नववीच्या बीजगणितातला संश्लेषक भागाकार मला अधिक भरवशाचा वाटतो. क्ष³ − १०क्ष² − २९क्ष + ६० यात १२ तपासायचे असल्यास १, −१०, −२९, ६० हे सहगुणक ओळीने मांडावेत. पहिला १ तसाच खाली उतरवावा. त्याला १२ ने गुणून गुणाकार −१० मध्ये मिळवला की २ येतात. २ ला १२ ने गुणून आलेले २४ हे −२९ मध्ये मिळवले की −५. आणि −५ ला १२ ने गुणून आलेले −६० शेवटच्या ६० मध्ये मिळवले की ०. बाराचा घन, १७२८, कुठे काढावाच लागला नाही. ही शेवटची संख्या म्हणजे (क्ष − १२) ने भागल्यावर उरणारी बाकी, आणि शेष सिद्धांतानुसार तीच क्ष = १२ असतानाची बहुपदीची किंमत होय.

मात्र नसलेल्या घाताच्या जागी ० लिहिलेच पाहिजे. वरच्या पहिल्या बहुपदीत क्ष² चे पद नाही, म्हणून सहगुणक १, ०, −७, ६ असे घ्यावेत. तो ० विसरल्यास −३ साठी शेवटी ३६ येतात.

सहगुणक पूर्णांक असतील आणि स्थिर पद, म्हणजे चल नसलेले पद, ० नसेल, तर स्थिर पदाला निःशेष न भागणारा पूर्णांक त्या बहुपदीचे शून्य असूच शकत नाही. स्थिर पद ६ असताना ५ तपासण्यात वेळ घालवू नये.

करणी संख्या मात्र करणी रूपातच ठेवावी. क्ष² − २ मध्ये कॅल्क्युलेटरवरचे १.४१४ ठेवल्यास −०.०००६०४ येते, म्हणून १.४१४ हे शून्य नाही, √२ आहे.